खांबाच्या बुडाला पाणी

मला धक्का फार लवकर बसतो. दूध उतू जायला लागलं की गॅस बंद करायच्या आधी मी ‘अगं बाई!’ म्हणते आणि तेवढ्यात उरलेलंही ओट्यावर येतं. नवरा म्हणतो, हिला रोज सकाळी सूर्य उगवल्याचंही नवल वाटत असेल. मी शाळेत विज्ञान शिकवते, नवल वाटणं हाच माझा पोटापाण्याचा धंदा आहे, असं मी त्याला उलट ऐकवते. पण त्या शनिवारी दुपारी, मंद्रूपच्या पुढे आमच्या शेतात, लिंबाच्या झाडाआड उभी राहून मी जे बघितलं, त्यानं माझ्या तोंडून ‘अगं बाई’सुद्धा निघालं नाही.

शेतातल्या वस्तीवर माझ्या सासूबाई एकट्या राहतात. मी त्यांना आत्या म्हणते. सासरे गेल्यापासून त्यांना सोलापूरला आणायचं आमच्या घरात चाललं होतं आणि त्या येत नव्हत्या. एकदा महिनाभर राहून गेल्या होत्या. आम्ही दोघं आणि मुलं, आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. परत जाताना म्हणाल्या, “समदं चांगलं हाय गं तुमचं. पर पायाखाली माती न्हाय की.” नवऱ्याला हे कारण पटण्यासारखं नव्हतं. तो चिंचोळी एमआयडीसीत पाळीची नोकरी करतो. बागेला पाणी कोण देणार, रात्रीअपरात्री वीज आली की मोटर कोण चालू करणार, आई कुठं पडली-धडपडली तर कुणाला कळणार, हे त्याचे प्रश्न होते आणि तेही खोटे नव्हते.

त्याच सुमारास एका संशोधन केंद्राचा प्रयोग आमच्या भागात आला. कमी पाण्यात डाळिंब कसं काढायचं, त्याचा. केंद्रातली एक तरुण इंजिनिअर मुलगी आमच्या शाळेत माहिती द्यायला आली होती. मी तिला तिथंच पकडलं आणि आमची बाग तिच्या गळ्यात घातली. तिनं बागेच्या कडेला, वस्तीपासून हाकेच्या अंतरावर, एक पांढरा खांब रोवला. खांबाच्या बुडाशी जमिनीत ओल मोजणाऱ्या सळया, डोक्यावर हाताएवढी सोलर प्लेट. माती ठरावीक मर्यादेपेक्षा कोरडी झाली की ठिबकचा व्हॉल्व्ह आपोआप उघडणार, मुळांना पुरेल एवढी ओल झाली की बंद होणार. ना कुणी जागायचं, ना कुणी चिखल तुडवायचा. ओलीचा आलेख माझ्या मोबाइलवर दिसणार. व्हॉल्व्ह बंद असताना ओल एकदम वाढली, तर मोबाइल वाजणार, म्हणजे कुठं पाईप फुटला असेल तर लगेच कळेल. नवऱ्याच्या कारखान्यात कामावर मोबाइल बाळगू देत नाहीत, म्हणून ते सगळं माझ्याकडे आलं. मला तर हर्षवायूच व्हायचा बाकी होता. शेत सोलापुरापासून इतकं लांब आणि त्याच्या मुळांची तहान माझ्या पर्समध्ये!

नवऱ्यानं तेव्हाच अट घातली. हा आंबे बहार, म्हणजे डाळिंबाचा उन्हाळ्याच्या तोंडाशी फुलणारा हंगाम, यंत्रावर नीट पार पडला तर आई वस्तीवर राहील. नाही पडला तर बाग वाट्यानं द्यायची आणि आईनं सोलापूरला यायचं. आत्या ओसरीत शेंगा सोलत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “बरं की.”

इंजिनिअर मुलगी त्यांना बजावून गेली, “आजी, खांबाला हात लावायचा नाही. व्हॉल्व्हला तर मुळीच नाही. त्याचं तो बघेल.” मीही तेच बजावलं. नवऱ्यानंही. तो खांब नेमकं काय बघतो आणि कसं ठरवतो, हे मात्र त्यांना सांगायचं आमच्यापैकी कुणालाच सुचलं नाही. त्यांनी एकदाच विचारलं होतं, “ह्यो काय करतो गं?” मी घाईत होते. म्हटलं, “आत्या, तो मला सगळं सांगतो.” त्यांनी खांबाकडे वरून खाली बघितलं आणि म्हणाल्या, “चांगलं हाय. कुनीतरी सांगतंय.”

मग मार्गशीर्षातली वेळ अमावस्या आली. आमच्या भागात त्या दिवशी सगळं घर रानात असतं. कडब्याची खोपी करायची, तिच्यात पाच पांडवांचे चुना लावलेले दगड मांडायचे, पूजा करायची, आंबील, भज्जी, उंडे असं रानातच पंगत मांडून जेवायचं आणि उरलेली आंबील पिकावर शिंपत शेताला फेरी मारायची. त्या वर्षी माझ्या शाळेत तपासणी होती, नवऱ्याला पाळी बदलून मिळाली नाही. आत्यांनी शेजारच्या वस्तीवरच्या बायकांना बोलावून सण केला. दुपारी शिक्षकांच्या खोलीत माझा मोबाइल टुणकन वाजला. बघते तर आलेख भिंतीवर चढणाऱ्या पालीसारखा सरळ वर. तेव्हा पुढं फुलं धरावीत म्हणून बागेला ताण दिलेला, पाणी पूर्ण बंद, आभाळ कोरडं ठणठणीत. लगेच फोन लावला.

“आत्या, तिकडं पाऊस पडला का?”

“पाऊस? आज? कोन म्हनलं?”

“मग कुठं पाईप फुटलाय का? खांबापाशी ओल दिसतेय.”

त्या हसायला लागल्या. “त्ये व्हय? आंबील घातली त्याच्या बुडाला. समद्या रानाला दिली, त्यालाच कसं उपाशी ठेवायचं? त्यो बी रानातलाच की आता.”

मला हसावं की रडावं कळेना. तपासणीचे साहेब शेजारच्या वर्गात आलेले, आणि मी खिडकीत उभी राहून विचारतेय, भज्जीत यंदा काय काय घातलं. आत्यांनी सगळं सांगितलं. तूर, हरभरा, वाल, कोवळी बोरं. शेजारणीची सून कशी आंबील सांडून बसली, खोपीत कुत्रं कसं शिरलं आणि पांडवांच्या आधी त्यानंच उंडा कसा पळवला. तास कधी संपला मला समजलं नाही. इंजिनिअर मुलीला मी हे सांगितलं तेव्हा तीही हसली. म्हणाली, ताण चालू आहे तोवर काही बिघडत नाही, फक्त परत घालू देऊ नका. मी तो निरोप द्यायचा ठरवला आणि मग विसरले. आंबील काय रोज घालतात का?

काही दिवसांनी मोबाइल परत वाजला. मी परत फोन केला. आत्या म्हणाल्या, आंबिलीला मुंग्या लागल्या म्हणून खांबाचा बुडखा धुऊन काढला. बरं. त्यानंतर पुन्हा वाजला. या वेळी त्या म्हणाल्या, “मला तर काय दिसत न्हाय गं. खार असंल. नळी कुरतडती मेली.”

खारी ठिबकच्या नळ्या कुरतडतात, हे खरंच आहे. बागायतदाराला त्याचं काही सांगावं लागत नाही. इंजिनिअर मुलीनंही तेच सांगितलं, दुसऱ्या एका गावात तिच्या प्रयोगाच्या नळ्या खारींनी चाळणी केल्या होत्या. मग मोबाइल जवळजवळ रोजच वाजायला लागला आणि आम्ही खारीच्या मागे लागलो. मी फोनवरून विचारायची, कुठं गळतंय का बघा. आत्या “थांब हां” म्हणायच्या. पावलांचा आवाज, मग लांबून कोंबड्यांना हुसकलेलं, मग परत पावलं. “न्हाय बाई. काय न्हाय. पर खारच ती, मी बगितली सकाळच्याला.” आणि तिथून गाडी कुठंही जायची. म्हशीच्या पायाला काय झालं होतं. शेजारच्या वस्तीवर कर्नाटकातली सून आली, तिला भाकरी थापता येते पण मराठी बोलता येत नाही, म्हणून आत्या तिला लहानपणी अक्कलकोटला मामाकडे शिकलेलं मोडकंतोडकं कानडी कसं ऐकवतात. माझं माहेरचं नाव ठेवताना काय घोळ झाला होता, हे मलाच माहीत नव्हतं, ते त्यांना माझ्या आईनं लग्नात सांगितलं होतं. मधल्या सुट्टीत मी डबा एका हातात आणि फोन दुसऱ्या हातात असं जेवायला लागले. बरोबरच्या बाई विचारायच्या, “काय हो, माहेरचा फोन का?” मी म्हणायची, “छे, खार!”

मला ते बोलणं आवडायला लागलं होतं, हे मी इथं सांगून टाकते. लग्नाला इतकी वर्षं झाली, आमचं दोघींचं बोलणं म्हणजे ‘चहा घेता का’ आणि ‘मीठ कमी पडलं’. सासू-सून म्हणून आमचं भांडणही कधी धड झालं नव्हतं. तसं काही वाकडं नव्हतं, फक्त बोलायला कधी निमित्तच नव्हतं.

मग ताण सोडून बागेला पाणी सुरू झालं. आंबे बहार धरला. पालवी आली, मोबाइलवर फोटो आले, लाल कळ्या दिसायला लागल्या. मी वर्गातल्या मुलांना तो आलेख फळ्यावर काढून दाखवला. ओल कमी झाली की रेघ खाली येते, पाणी मिळालं की वर जाते, बघा माती कशी बोलते वगैरे. मुलं भारावून गेली. मी त्यांच्याहून जास्त.

फाल्गुन संपत आला, ऊन तापलं. खारीच्या टुणकन वाजण्याची सवयच झालेली, आलेख मात्र सुरेख. ओल भरपूर, व्हॉल्व्ह क्वचितच उघडतोय, पाण्याची केवढी बचत! केंद्रातसुद्धा सगळे खूश होते. आत्या एकदा फोनवर म्हणाल्या, “पानं मलूल वाटत्यात गं दुपारची.” मी म्हटलं, “आत्या, ऊन लागतंय. ओल पुष्कळ आहे, मी बघतेय ना.” त्या म्हणाल्या, “तुला दिसतंय म्हनल्यावर काय.”

शुक्रवारी नवरा कामानिमित्त त्या बाजूला गेला होता, तो बागेत डोकावला. संध्याकाळी घरी आला तो बूट न काढताच सोफ्यावर बसला आणि त्यानं मोबाइल माझ्यासमोर धरला. झाडाखाली लाल सडा. फुलं, कळ्या, नुकती धरलेली बोराएवढी फळं, सगळी जमिनीवर. फांद्यांवरची पानं आत वळलेली. मी माझा मोबाइल उघडला. ओल भरपूर. मी एकदा त्याच्या मोबाइलकडे बघितलं, एकदा माझ्या. एकाच शेताच्या या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असतील, हेच मला कळेना.

“रविवारी मी जातो,” तो म्हणाला. “आईला घेऊनच येतो. ठरलं होतं ना आपलं?”

ठरलं होतं. मी रात्रभर खारीला शिव्या देत पडले. सकाळी शाळेतून इंजिनिअर मुलीला फोन केला. ती म्हणाली, “मी उद्या येते, पण तुम्ही आज जमलं तर जा, आणि खांबापासून चार ओळी आत जाऊन माती हातात घेऊन बघा.” शनिवारची सकाळची शाळा सुटली तशी मी आत्यांना न कळवता वडापच्या जीपमध्ये बसले. कळवलं असतं तर त्यांनी माझ्यासाठी चूल पेटवली असती, आणि मला जेवायचं नव्हतं. ती खार मला रंगेहाथ पकडायची होती!

फाट्यावर उतरून चालत गेले. वस्तीच्या मागच्या बाजूनं लिंबाखाली पोचले, तिथं दम खायला थांबले. तेवढ्यात आत्या घरातून बाहेर आल्या. हातात पितळी तांब्या. पदर नीट केला, खांबापाशी गेल्या, वाकल्या आणि तांब्यातलं पाणी खांबाच्या बुडाला सावकाश ओतलं. तुळशीला घालतात तसं. मग परत येऊन ओसरीच्या पायरीवर बसल्या. कमरेची पिशवी काढली, तिच्यातून त्यांचा बटणांचा छोटा फोन बाहेर काढला, पदरानं पुसला आणि मांडीवर ठेवला. आणि त्याच्याकडे बघत बसल्या.

माझ्या पर्समध्ये मोबाइल टुणकन वाजला.

मी हादरले. नुसतं कळलं म्हणून नाही, तर सगळं एकदम कळलं म्हणून. तो तांब्या, ती पायरी, तो मांडीवरचा फोन. इतके दिवस मी डबा खाता खाता ज्या आवाजाशी बोलत होते, तो आवाज असा वाट बघत बसलेला असायचा. काय करावं सुचेना, म्हणून मी रोज जे करत होते तेच केलं. फोन लावला.

मांडीवरचा फोन वाजला. आत्यांनी लगेच उचलला नाही. थोडा वाजू दिला. तोंडावर हसू आलं, ते त्यांनी गिळलं आणि मग अगदी कामात असल्यासारख्या आवाजात म्हणाल्या, “हां, बोल गं. काय म्हनतीस?”

मी लिंबाला टेकून फोन कानाशी घट्ट धरला.

“ओल वाढली व्हय? खारच असंल बग. थांब हां, मी बगून येते.” आणि त्या पायरीवर बसल्या बसल्याच दोन्ही पाय जमिनीवर आपटायला लागल्या. आधी जोरात, मग हळू, कुणी लांब चालत गेल्यासारखे. मग तोंडानं कोंबड्यांना हुसकलं. कोंबड्या तिथं नव्हत्याच.

आता मला राग आला. खरंच आला. बागेत सडा पडलाय, उद्या हिला उचलून नेणार आहेत, आणि ही बाई पायरीवर बसून पाय आपटतेय! मी लिंबाआडून बाहेर आले आणि ओरडले, “आत्या!”

त्यांच्या हातातला फोन खाली पडला. मला बघून त्यांचा चेहरा चोरी पकडलेल्या पोरीसारखा झाला. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तसं आम्ही मेल्या खारीला महिनोन्महिने शोधत होतो.

“खार कुठाय?” मी विचारलं.

त्यांनी तांब्या पायानं मागं सरकवला. मग खाली बघत म्हणाल्या, “पानी घातलं की तुजा फोन येतो.”

मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसले. राग कुठं गेला कुणास ठाऊक. त्या बोलत होत्या आणि मी ऐकत होते. पहिल्यांदा आंबिलीला फोन आला. मग मुंग्यांना आला. “दोनदा झाल्यावं कळलंच की मला. तूच म्हनलीस, त्यो तुला समदं सांगतो. म्हनलं, घालावं तांब्याभर. लई न्हाय. तांब्याभरच.” मी म्हटलं, “आत्या, मग तुम्ही मला फोन करायचा ना!” त्यांना खरोखर आश्चर्य वाटलं. “तुमी कामात. मी कशाला मधी? काय सांगाया न्हाय, ना काय झालेलं न्हाय. उगंच फोन कोन करतं?”

मग मी त्यांना सांगितलं. हळू सांगायला हवं होतं, पण मी कधी काही हळू सांगितलेलं नाही. म्हटलं, हा खांब मला सांगतो ते वेगळं, पण आधी तो स्वतः बघतो. बुडात ओल आहे का बघतो आणि मग झाडांना पाणी सोडतो. तुम्ही त्याच्या बुडाला रोज पाणी घातलंत, त्याला वाटलं सगळी बाग भिजलीय. त्यानं पाणी बंद ठेवलं.

आत्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना मी पाहिला. तसा चेहरा मी त्यांचा सासरे गेले तेव्हाही बघितला नव्हता.

“ह्याच्या बुडात बगून समद्या झाडांला देतो त्यो?”

“हो.”

“मग म्या...” त्या उठल्या. “मग म्या मारली व्हय गं झाडं?”

आणि त्या पळाल्या. या वयात, उन्हात, अनवाणी. बागेत शिरून एका झाडाखाली बसल्या, पडलेली फुलं हातात घेतली, माती उकरली. मी मागून गेले. माती भुगा झालेली, बोटांच्या फटीतून सांडत होती. त्या दुसऱ्या झाडाकडे गेल्या, तिसऱ्या. प्रत्येक ठिकाणी माती उकरायची आणि तोंडावर हात ठेवायचा. “म्या म्हनलं तुला, पानं मलूल दिसत्यात. तू म्हनलीस, ओल हाय. म्हनलं, मी अडानी, यंत्र शिकल्यालं.” त्यांनी ते मला टोचायला म्हटलं नव्हतं, पण मला ते टोचलंच. व्हॉल्व्ह हातानं कसा उघडायचा, ते मी फोनवर इंजिनिअर मुलीला विचारलं आणि उघडला. ठिबकच्या तोट्यांमधून थेंब पडायला लागले. आत्या त्या थेंबांखाली हात धरून बसून राहिल्या. मी त्यांना सावलीत चला म्हटलं तरी उठल्या नाहीत.

रविवारी सगळे जमले. इंजिनिअर मुलीनं खांबापाशी आणि बागेच्या आतल्या बाजूला गिरमिटानं माती काढली आणि दोन ढीग शेजारी शेजारी ठेवले. एक काळा ओला, एक राखेसारखा. ती म्हणाली, प्रयोगात उंदीर, खार, रानडुक्कर, वीज, तार तुटणं, सगळं गृहीत धरलं होतं. हे कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. मग तिनं झाडं बघितली. पहिली फुलं गेली, पण अजून कळी निघतेय, पाणी नीट मिळालं तर उशिरा का होईना बहार उभा राहील, असं म्हणाली. सळया तिनं आत हलवल्या, एकाच्या जागी बागेत तीन ठिकाणी लावल्या, म्हणजे एकाच जागेचं ऐकून सगळ्यांचं ठरायला नको.

नवरा मात्र आपल्या मुद्द्यावर ठाम होता. आणि मला कबूल करावं लागेल, त्याचा मुद्दा आता अधिकच बरोबर वाटत होता. “म्हणजे आईला इथं करमत नाही,” तो म्हणाला. “एकटी पडलीय म्हणून तर हे झालं. आता तर नेलंच पाहिजे. तिकडं आम्ही सगळे आहोत की.”

आत्या चुलीपाशी होत्या. भाकरी थापता थापता म्हणाल्या, “तितं आल्यावर फोन कोन करनार मला?”

“फोन कशाला? तिथं समोरच असशील ना!”

“व्हय. समोर हुते की म्हैनाभर.” भाकरी तव्यावर पडली. “तू येतूस, जेवतूस, त्या टीव्हीकडं बगतूस, झोपतूस. ही तिच्या वह्या तपासती. पोरं कानात वायरी घालून बसत्यात. म्हैनाभरात माज्यासंगं जेवढं बोलनं झालं न्हाय, तेवढं हिचं एका फोनात हुतंय. घरात मानूस समोर असला की कुनी बोलत न्हाय बाबा. लांब असला तरच बोलत्यात.” त्यांच्या आवाजात राग नव्हता, मीठ कमी आहे हे सांगावं तसं त्यांनी ते सांगितलं.

नवऱ्याचं तोंड उघडं राहिलं. घरात धक्के बसायचं काम माझं, पण त्या दिवशी मी त्याला पहिल्यांदा तसा बघितला. त्यानं माझ्याकडे बघितलं, मी तव्याकडे बघितलं. इंजिनिअर मुलगी गिरमिट उचलून बाहेर गेली. बऱ्याच वेळानं तोही उठला, बागेत गेला आणि ठिबकच्या नळ्या एकेक उचलून तपासत बसला. फुटलेली एकही नव्हती. निघताना पिशव्या गाडीत ठेवल्या त्या आमच्याच. आत्यांची पिशवी खुंटीवर होती तिथंच राहिली. “बहार निघेपर्यंत बघू,” एवढंच तो म्हणाला.

मी निघताना आत्यांना बजावलं, आता खांबाला पाणी घालायचं नाही. त्या म्हणाल्या, “न्हाय गं बाई. झाडांची आन.” मला अजून काही बोलायचं होतं, पण ते बोलायला मला जमलं नाही.

सोमवारी मधल्या सुट्टीत मी डबा उघडला. मोबाइल शेजारी ठेवलेला. तो वाजला नाही. आलेख बघितला, तीन रेघा शहाण्यासारख्या हळूहळू खाली येत होत्या. पाणी वेळेवर सुटलेलं, वेळेवर बंद झालेलं. सांगण्यासारखं शेतात काहीही झालेलं नव्हतं. मी डबा बाजूला केला, खिडकीत गेले आणि फोन लावला.

बराच वेळ वाजला. तुटायच्या बेतात आत्यांनी उचलला. त्यांना धाप लागली होती आणि आवाज पार घाबरलेला.

“काय झालं गं? समदी बरी हायती न्हवं? पोरं? त्यो कामावं गेलाय न्हवं?”

“सगळे बरे आहेत आत्या. काही झालं नाही.”

“मग?” त्या रडकुंडीला आल्या होत्या. “आज तर म्या पानी घातलं न्हाय की! शप्पत न्हाय घातलं. तांब्याला हात बी लावला न्हाय. मग तुजा फोन कसा आला?”

मागं घंटा झाली, मुलं वर्गाकडे पळायला लागली.

“असाच केला,” मी म्हटलं. “आत्या, जेवलात का?”

तिकडून पदरानं फोन पुसल्याची खरखर ऐकू आली. मी तास बुडवून तशीच फोन कानाला लावून उभी राहिले.